कॅमशाफ्ट सेन्सर दोनदा बदलला तरी पी०३४० परत येतोय? तिसरा आणायच्या आधी हे तपासा

गाडी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते, पण वीस-पंचवीस मिनिटं चालवून कुठे दहा मिनिटं थांबलं आणि परत चावी फिरवली की सेल्फ नुसता फिरत राहतो, फिरत राहतो, आणि मग कधीतरी इंजिन पकडतं. कधी आयडलिंगवर उभी असताना एक झटका खाते आणि गप्प. चेक लाइट लागलेला असतो, स्कॅनर लावला की पी०३४०, म्हणजे कॅमशाफ्ट सेन्सरच्या सर्किटचा कोड. सेन्सर बदलायचा, लाइट जातो, दोन-तीन आठवडे सगळं छान, आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

ज्यांच्याकडे हे चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझ्या गाडीत हे चार महिने चाललं, दोन नवीन सेन्सर बसले, तिसरा मागवायच्या बेतात होते आणि शेवटी जे सापडलं ते सेन्सरमध्ये नव्हतंच. ते कसं सापडलं ते सांगते, पण आधी हा सेन्सर नक्की करतो काय ते समजून घ्या, कारण ते डोक्यात पक्कं नसेल तर मल्टिमीटरवरचा आकडा दिसतो पण त्याचा अर्थ लागत नाही, आणि अर्थ लागला नाही की माणूस पार्ट बदलत सुटतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये एक पूर्ण चक्र व्हायला क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोनदा फिरतो, म्हणजे ७२० अंश, आणि तेवढ्या वेळात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदाच फिरतो. म्हणजे एकाच चक्रात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशन संपताना, तेव्हा ठिणगी पाहिजे, आणि एकदा एक्झॉस्ट संपताना, तेव्हा ठिणगीचा काही उपयोग नाही. क्रँक सेन्सर फ्लायव्हील किंवा पुलीजवळच्या दातेरी चाकाकडे बघत बसलेला असतो. बऱ्याच इंजिनांत त्या चाकावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम ठेवलेले नसतात, काहींमध्ये ३६ मधला १ नसतो. ती मोठी फट समोरून गेली की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं की एक नंबरचा पिस्टन आता अमुक अंशावर आहे. पण ही फट दोन्ही फेऱ्यांत येते आणि दोन्ही वेळा हुबेहूब सारखीच दिसते.

घड्याळाचा काटा बारावर आहे हे दिसतं, पण दुपारचे बारा की रात्रीचे बारा हे काट्याकडे बघून सांगता येत नाही, खिडकीतून बाहेर बघावं लागतं. कॅम सेन्सर म्हणजे ते खिडकीतून बघणं. कॅमवरच्या चाकाला मोजकेच दात असतात आणि तेही लहान-मोठ्या रुंदीचे, म्हणजे क्रँकची फट आली त्या क्षणी कॅमचा सिग्नल वर आहे की खाली एवढं बघितलं की हा कॉम्प्रेशनचा फेरा की एक्झॉस्टचा ते ठरतं. मग कुठल्या सिलिंडरला पेट्रोल द्यायचं, कुठल्या प्लगला ठिणगी द्यायची हे सगळं त्यावर. शिवाय ज्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग चालता चालता मागेपुढे होतं तिथे कॅम खरंच सांगितल्याइतका सरकला का हे बघायलाही हाच सेन्सर.

आता उशिरा स्टार्ट होण्याचं कारण. सेल्फवर इंजिन साधारण २०० आरपीएमने फिरतंय असं धरा, म्हणजे क्रँकचा एक फेरा ०.३ सेकंदात, कॅमचा ०.६ सेकंदात. कॅमचा सिग्नल चांगला असेल तर ईसीयूला पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जुळणी मिळते आणि गाडी लगेच पकडते. सिग्नल आलाच नाही तर प्रत्येक गाडीचं वागणं वेगळं. काही ईसीयू थोडी वाट बघतात आणि मग क्रँकच्या भरवशावर अंदाजाने सुरुवात करतात, दोन्ही फेऱ्यांत ठिणगी देतात, म्हणून सेल्फ लांबतो पण गाडी चालू होते. काही ईसीयू साफ नकार देतात, कितीही सेल्फ मारा. आणि इंजिन एकदा चालू झालं की बऱ्याच गाड्यांत कॅमचा सिग्नल गेला तरी क्रँकवर मोजणी चालू राहते, फक्त लाइट लागतो आणि पिकअप मंदावतो. हे लक्षात ठेवा, कारण तुमची गाडी त्या प्रकारची असेल आणि तरीही चालता चालता धाडकन बंद पडत असेल तर नुसत्या कॅम सेन्सरवर संशय धरून भागणार नाही, क्रँक सेन्सर आणि दोघांचा सप्लाय हेही बघावं लागेल.

आता सेन्सरच्या आत काय असतं ते. मुख्य दोन प्रकार. एक दोन वायरचा, चुंबकावर गुंडाळलेली कॉइल. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये स्वतःचा एसी व्होल्टेज तयार होतो, बाहेरून सप्लाय लागत नाही. याची गोची अशी की वेग कमी तर व्होल्टेज कमी, म्हणजे नेमकं सेल्फ मारताना सिग्नल सगळ्यात कमजोर. दुसरा तीन वायरचा, हॉल इफेक्टवाला, आणि आजकाल बहुतेक गाड्यांत हाच किंवा याच्याच जातीचा मॅग्नेटो-रेझिस्टिव्ह सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं होतं की करंट वाहणाऱ्या पातळ पट्टीवर चुंबकीय क्षेत्र आडवं लावलं तर पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज उभा राहतो. सेन्सरमधली चिप तोच बारीक व्होल्टेज वाढवते आणि त्यावरून एक स्विच चालू-बंद करते.

ह्या स्विचबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो, माझाही होता. आपल्याला वाटतं की सेन्सर सिग्नल 'पाठवतो'. बहुतेक हॉल सेन्सर काहीच पाठवत नाहीत. सिग्नलच्या वायरवरचे ५ व्होल्ट ईसीयूमधूनच आलेले असतात, आतल्या एका रेझिस्टरमधून. सेन्सर फक्त ती वायर अर्थला खेचतो आणि सोडतो, खेचतो आणि सोडतो. खेचली की शून्य, सोडली की ५. म्हणून सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून ठेवला तरी सिग्नलच्या पिनवर ५ व्होल्ट दिसायला पाहिजेत, आणि ते दिसले तर सेन्सर चांगला आहे असं मुळीच नाही, तर ईसीयूपासूनची वायर शाबूत आहे एवढंच. उलट सेन्सर जोडलेला असताना सिग्नल ५ वरच अडकून बसला तर तीन शक्यता राहतात, चिप मेली, चिपला सप्लाय नाही, किंवा चिपला अर्थ नाही. ह्या तिसऱ्या शक्यतेनेच मला चार महिने फिरवलं.

कोडबद्दल थोडक्यात. पी०३४० म्हणजे सर्किटमध्ये गडबड, पी०३४१ म्हणजे सिग्नल येतोय पण जुळत नाहीये, पी०३४२ सिग्नल सतत खाली, पी०३४३ सतत वर, पी०३४४ येतो-जातो. दुसऱ्या बँकेसाठी, म्हणजे सिलिंडरच्या दुसऱ्या रांगेसाठी, पी०३४५ पासून पुढे, आणि पहिल्याच बँकेच्या दुसऱ्या कॅमसाठी पी०३६५ पासून. एकाही कोडमध्ये 'सेन्सर बदला' असं लिहिलेलं नाही, 'सर्किट' म्हटलंय, आणि सर्किटमध्ये सेन्सर, कपलर, तीन वायरी, ईसीयू आणि ते फिरणारं चाक सगळंच येतं.

मग सेन्सर बदलल्यावर दोन-तीन आठवडे बरं का वाटतं? मी ह्या प्रश्नावर अडले आणि तिथूनच गाठ सुटली. सेन्सर बदलताना आपण आणखी काय काय करतो ते बघा. कपलर काढून परत लावतो, म्हणजे पिना एकमेकींवर घासल्या जातात, त्यांच्यावरचा काळा थर खरवडला जातो आणि पकड तात्पुरती ताजी होते. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इकडचा तिकडे हलतो, म्हणजे जिथे वायर घासत होती तिथून दोन-चार मिलीमीटर सरकते. कोड क्लिअर करतो, आणि कितीतरी कोड असे असतात की गाडी लागोपाठ दोनदा चालवताना दोष दिसल्याशिवाय लाइट लागत नाही. म्हणजे आजार तसाच आणि तरी आठवडाभर तब्येत छान. तुमच्याकडे सेन्सर बदलून थोडे दिवस बरं वाटून परत तेच होत असेल तर हा स्वतःच एक मोठा पुरावा आहे, कपलर आणि वायरिंगकडे बोट दाखवणारा. दोन नवेकोरे सेन्सर लागोपाठ तीन-तीन आठवड्यांत मरणं फारसं होत नाही, भलत्याच मेकचा हलका पार्ट असेल तर गोष्ट वेगळी.

तर तपासणी. मी ज्या क्रमाने आता करते तो सांगते, पहिल्यांदा असा क्रम नव्हता म्हणूनच वेळ गेला.

स्कॅनर लावला की कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाची नोंद) बघा आणि फोटो काढून ठेवा. दोष आला तेव्हा कूलंटचं तापमान किती होतं, आरपीएम किती, बॅटरी व्होल्टेज किती. माझ्या तिन्ही वेळच्या फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट ९० च्या आसपास आणि आरपीएम आयडलिंगचा, म्हणजे गरम इंजिन, कमी वेग. तुमच्याकडे दर वेळी सेल्फच्या वेळचाच दोष असेल आणि व्होल्टेज पडलेला असेल तर आधी बॅटरी बघा, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बाकी काहीही तपासण्यात अर्थ नाही, कमी व्होल्टेजवर ईसीयू आणि सेन्सर दोघंही वेड्यासारखे वागू शकतात. बरोबर आणखी कुठले कोड आहेत तेही बघा. पी०३३५ असेल तर क्रँक सेन्सर. पी०६४१ ते पी०६४३ पैकी काही असेल तर ५ व्होल्टच्या सप्लायचीच बोंब आहे, आणि तो सप्लाय बऱ्याचदा दोन-तीन सेन्सरना मिळून असतो, त्यामुळे भलत्याच एखाद्या सेन्सरच्या शॉर्टमुळे कॅम सेन्सर उपाशी राहतो. तिथे त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जायचं, ज्याचा प्लग काढल्यावर ५ व्होल्ट परत उभे राहिले तो चोर.

मग डोळ्यांनी बघणं. इंजिन बंद, थंड. कपलर काढा आणि आत टॉर्च मारा. आत ऑइल दिसलं तर सेन्सरच्या आतलं सील गेलंय, ऑइल सेन्सरच्या अंगातून पिनांपर्यंत आलंय. हे ऑइल तिथेच थांबत नाही, वायरच्या तारांमधल्या बारीक फटींतून वात तेल ओढते तसं पुढे सरकत जातं, काही गाड्यांत पार ईसीयूच्या कपलरपर्यंत पोचलेलं असतं. नुसतं पुसून चालत नाही, सेन्सर बदला, कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि महिन्याभराने परत उघडून बघा. नंतर हार्नेस, जिथे जिथे तो ब्रॅकेटच्या कडेवरून जातो, एक्झॉस्टच्या जवळून जातो, किंवा इंजिनवरून बॉडीवर उडी मारतो तिथे बोटाने चाचपा. गिअर टाकताना, पिकअप देताना इंजिन त्याच्या माउंटिंगवर हलतं, आणि तिथलं इन्सुलेशन हळूहळू झिजतं.

आता मल्टिमीटर. एक गोष्ट आधी सांगते, आणि ही सगळ्यात कळकळीने सांगतेय. कपलरच्या समोरून, म्हणजे पिनेच्या तोंडात, मीटरचा जाड प्रोब खुपसू नका. ती मादी पिन आतून दोन पातळ पात्यांची असते, जाड प्रोब गेला की पाती फाकतात आणि नंतर सेन्सरच्या पिनेला धरतच नाहीत. मागच्या बाजूने, सीलच्या कडेने, बारीक बॅक-प्रोब पिन सरकवा, किंवा समोरूनच बघायचं असेल तर बरोबर त्याच मापाची नर पिन वापरा. इन्सुलेशन टोचून वायर तपासणंही टाळा, त्या भोकातून पाणी जातं आणि सहा महिन्यांनी आतली तार हिरवी पडते. बल्बवाला टेस्टर इथे लावू नका, ईसीयूच्या नाजूक लाइनवर तो फार करंट ओढतो.

तीन वायरच्या सेन्सरला, प्लग काढून, चावी ऑन. एका पिनेवर सप्लाय, ५ किंवा काही गाड्यांत १२. एका पिनेवर सिग्नलचे ५, हा ईसीयूचा. एक अर्थ. कुठली कोणती ते तुमच्या गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये बघा, रंगावरून अंदाज करू नका. सिग्नलची पिन नक्की ओळखता आली की ती बारीक वायरने क्षणभर अर्थला टेकवायची, व्होल्टेज शून्यावर गेला आणि सोडल्यावर परत आला तर ती वायर ठीक. काही गाड्यांत एवढ्याने पी०३४३ चा पी०३४२ झालेला दिसतो, म्हणजे ईसीयू ऐकतोय. सप्लायची पिन मात्र चुकूनही अर्थला लावू नका.

अर्थ तपासताना ओहमवर बीप वाजली म्हणजे अर्थ चांगला असं धरू नका. एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते. प्लग जोडलेला ठेवून मागून प्रोब लावा, मीटरचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, डीसी व्होल्टवर, आणि मग कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. त्याच्या वर गेला तर अर्थच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. हॉल सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजून 'सेन्सर चांगला' किंवा 'खराब' ठरवणं तर सोडूनच द्या, आत चिप आहे, तो आकडा काहीही सांगत नाही. दोन वायरच्या कॉइलवाल्याला मात्र ओहम चालतो, काहीशेपासून दोन-अडीच हजारापर्यंत काहीही असू शकतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या, आणि थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा, कारण कॉइलची तार गरम झाल्यावर तुटक होते आणि थंड झाली की परत जुळते. त्याला एसी व्होल्टवर लावून सेल्फ मारला की आकडा हलायला पाहिजे आणि वेगाबरोबर वाढायला पाहिजे. कोणी पूर्वी ह्याची वायर जोडली असेल तर दोन वायरी उलट्या तर लावल्या नाहीत ना हेही बघा, उलट्या लावल्या तर सिग्नल येतो पण चुकीच्या क्षणी.

प्रत्यक्ष सिग्नल बघायला स्कोप (सिग्नलचं चित्र दाखवणारा ऑसिलोस्कोप) असेल तर प्रश्नच नाही, एका चॅनेलवर क्रँक, दुसऱ्यावर कॅम, आणि चांगल्या गाडीच्या चित्राशी ताडून बघायचं. स्कोप नसेल तरी मीटरवर बरंच काही दिसतं. इंजिन चालू असताना सिग्नलच्या वायरवर डीसी व्होल्ट लावला की ० आणि ५ ह्यांची सरासरी दिसते, दोनच्या-तीनच्या आसपास काहीतरी, चाकाच्या दातांवर अवलंबून. आकडा कुठला हे महत्त्वाचं नाही, तो स्थिर आहे का हे महत्त्वाचं. इंजिन हाताने फिरवून बघायचं असेल तर क्रँकच्या बोल्टला पाना लावून फक्त नेहमीच्याच दिशेने, स्पार्क प्लग काढलेले, इग्निशन कॉइलचे कपलर काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कारण हॉल सेन्सरला चावी ऑन लागते आणि चावी ऑन असताना पंख्याच्या आसपास हात असणं हे जिवावरचं काम आहे. हायब्रिड किंवा आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत हा प्रकार घरी करूच नका.

आता माझ्या गाडीचं. दुसरा सेन्सर बसवताना मेकॅनिक म्हणाला होता, "ताई, हा अस्सल आहे, आता परत येणार नाही," आणि त्याने मनापासूनच सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी परत आला. मग मी स्वतः बसले. सप्लाय ५.०, बरोबर. अर्थ सेल्फवर ०.०२, उत्तम. सिग्नल पण थंड असताना व्यवस्थित, २.६ वर स्थिर. इंजिन अर्धा तास आयडलिंगवर ठेवलं, गरम झालं, पंखा दोनदा लागून बंद झाला, तरी २.६. मग सेन्सरला हात न लावता फक्त कपलरच्या मागची वायर बोटाने हळूच खाली दाबली आणि आकडा एकदम ५ वर, इंजिनने गचका दिला. सोडलं की परत २.६. दहा वेळा केलं, आठ वेळा तसंच.

इथे एक सापळा आहे. सिग्नल ५ वर अडकलेला असताना मी परत सप्लाय आणि अर्थ मोजला, मागून प्रोब लावून, आणि दोन्ही ठणठणीत होते. सप्लाय आहे, अर्थ आहे, सिग्नल मेलेला, मग सेन्सरच खराब असणार ना? कागदावर तरी तसंच निघतं आणि तिथेच मी तिसरा सेन्सर मागवणार होते. पण मागून लावलेला प्रोब मादी पिनेवरचा व्होल्टेज दाखवतो. ती मादी पिन आणि सेन्सरची नर पिन ह्यांच्या मध्ये जो सांधा आहे, तो सांधाच तुटत असेल तर मीटरला ते कधीच दिसणार नाही, कारण मीटर सांध्याच्या अलीकडे उभा आहे. पलीकडे चिपला अर्थ मिळत नाहीये, ती वायर खाली खेचू शकत नाहीये, म्हणून ५.

हे तपासायची पद्धत अगदी साधी आहे आणि तिला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. सेन्सरच्या पिनेच्याच मापाची एक सुटी नर पिन घ्यायची, कपलरच्या प्रत्येक मादी पिनेत घालायची आणि ओढायची. पकड जाणवली पाहिजे. माझ्याकडे सप्लाय आणि सिग्नलच्या पिनेने नीट धरली, आणि अर्थच्या पिनेतून ती कपलर उलटा धरल्याबरोबर आपोआप खाली पडली. पाती फाकलेली. पहिल्यांदा तपासताना समोरून प्रोब खुपसलेला होता, त्याचाच हा परिणाम. थंड असताना ती जेमतेम टेकायची, गरम झाल्यावर प्लास्टिक फुगून नरम पडलं की सुटायची, आणि प्रत्येक नव्या सेन्सरबरोबर कपलर काढून लावल्यावर थोडे दिवस नव्याने टेकायची.

दुरुस्ती म्हणून पिन चिमट्याने दाबून घेता येते, पण त्या पत्र्याचा स्प्रिंगपणा गेलेला असतो, ती परत फाकते. वायरच्या तुकड्यासकट मिळणारा नवीन कपलर लावा. तिन्ही वायरी एकाच जागी न कापता पुढेमागे कापा म्हणजे जोड एकमेकांवर येत नाहीत, नीट क्रिम्प करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. मूळ वायरीला शिल्ड किंवा पीळ असेल तर तो तसाच ठेवा, इग्निशन कॉइलच्या शेजारून जाताना तोच गोंगाट अडवतो. आणि हार्नेसचा भार कपलरवर लोंबकळणार नाही अशी क्लिप लावा, माझ्या गाडीतली मूळ क्लिप कधीतरी तुटून पडलेली होती, त्यामुळे सगळं वजन त्या पिनांवरच येत होतं.

कपलर, वायर, सप्लाय सगळं चांगलं निघालं तर मग खरोखर सेन्सर. आतला सांधा उष्णतेने तडकतो, हेही होतं, आणि ते पकडायला हेअर ड्रायरने फक्त सेन्सर तापवा, कपलर नाही, आणि सिग्नल जातो का बघा. नवीन बसवताना जुनी ओ-रिंग आतच चिकटून राहिली नाही ना हे बघा, राहिली तर नवीन सेन्सर पूर्ण खाली बसत नाही आणि दातापासूनचं अंतर वाढतं. हे अंतर साधारण एक मिलीमीटरच्या आसपासचं असतं, अर्ध्या मिलीमीटरच्या चुकीनेही गरम इंजिनवर सिग्नल गळू शकतो. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, हाताने दाबून बसवा, ठोकू नका, सीलंट लावू नका. जुन्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला दिसला तर तो कुठून आला हा वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे.

पी०३४१ किंवा पी००१६ असेल तर मात्र वायरिंगमध्ये जास्त वेळ घालवू नका. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम एकमेकांशी जुळत नाहीयेत, दोन्ही सेन्सर खरं बोलतायत आणि इंजिनच चुकलंय असंही असू शकतं. चेन ताणली, टेन्शनर ढिला पडला, बेल्ट एक दात सरकला. क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश, हा फरक थोडा नाही. थंड स्टार्टला पहिले काही सेकंद पुढून खडखड येत असेल, ऑइल पातळी खाली असेल, चुकीच्या ग्रेडचं ऑइल असेल, तर आधी तिकडे. अशा वेळी गाडी चालवत राहून बघू असं करू नका, ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडू शकतात तिथे चेन आणखी सरकली तर हेड उघडावं लागतं.

सगळं झाल्यावर कोड क्लिअर करा, आणि काही गाड्यांत सेन्सर किंवा चेन बदलल्यावर स्कॅनरमधून क्रँक-कॅमचं लर्निंग करावं लागतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तर ते चुकवू नका. मग ज्या परिस्थितीत दोष यायचा तीच परिस्थिती मुद्दाम तयार करा. मी अर्धा तास चालवून, दहा मिनिटं बोनेट बंद ठेवून थांबवून, परत सेल्फ, असं पाच दिवस रोज दोनदा केलं, आणि दर वेळी लाइव्ह डेटामध्ये कॅम-क्रँक सिंक किती वेळात 'हो' होतं ते लिहून ठेवलं. दहाही वेळा पहिल्या सेकंदाच्या आत. त्याला आता अकरा महिने झाले, बसलेला सेन्सर तोच आहे, दुसऱ्यांदा आणलेला.